अर्धलीच्या गाई

गुरुवार, ६ मार्च २०२५

आज उपास आहे, म्हणून जपून लिहिते. नाहीतर शब्द वेगळे आले असते.

सकाळी साबुदाणा भिजत घालत होते, तेवढ्यात आत्याबाईंनी पडवीतून हाक मारली, "नूतन, आगं ये हिकडं! गोठ्याच्या दाराला कुणीतरी कागद डकवलाय!"

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, फुलाबाई. आणि गोठा म्हणजे टॅबमधला. शिवऱ्याच्या आमच्या घराला गोठा नाही. दोन खोल्या, एक पडवी, आणि जनावर म्हणाल तर एक मांजर, तेही शेजाऱ्यांचं, दुधाच्या वेळेपुरतं आमचं.

कागद वाचला. 'खेळांगण ही सेवा ३१ मार्च रोजी बंद होत आहे. आपल्या संग्रहातले खेळ त्यानंतर उपलब्ध राहणार नाहीत. आपण दिलेल्या प्रेमाबद्दल आम्ही आभारी आहोत.'

प्रेम कुणी दिलं होतं? आम्ही सातशे नव्व्याण्णव रुपये दिले होते.

तेही मी दिले नसते. दिवाळीनंतर आत्याबाईंच्या गुडघ्याची वाटी बदलली. डॉक्टर म्हणाले, सहा महिने डोंगर चढायचा नाही. आत्याबाईंचा जन्म गेला वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यावर, म्हशींमागं. खाटेवर दोन दिवस बसल्या आणि तिसऱ्या दिवशी गाठोडं बांधून म्हणाल्या, "मी जाते वर." मग रोज तेच. चहाची कपबशी खाली ठेवली की "मी जाते वर." शेवटी प्रांजलने, म्हणजे आमच्या मुलीने, तिचा जुना टॅब आणून दिला आणि त्यात गाई पाळायचा खेळ विकत घेतला. ती पुण्यात वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी ओरडले. पण आत्याबाई बसल्या त्या बसल्याच. रोजचं "मी जाते वर" आठवड्यावर आलं.

सहा महिने भरतात मेच्या मध्याला. दुकान बंद होतंय मार्चअखेर. मधला दीड महिना ह्या बाईला खाटेला कशानं बांधू?

मला काय, गेल्या तर घर शांत होईल. पण गुडघा वाया जाईल, आणि तो फुकट बसवलेला नाही.

शनिवार, ८ मार्च

महिला दिन. ग्रामपंचायतीत सगळ्या बायकांना एकेक गुलाब मिळाला आणि 'स्त्री हीच घराची खरी मालकीण' असं भाषण ऐकायला मिळालं. गुलाब मी देवाला वाहिला. भाषणाचं काय करायचं ते कळलं नाही.

घरी येऊन आत्याबाईंशेजारी बसले. सुरुवातीला सहा गाई होत्या, आता त्रेचाळीस झाल्यात. सगळ्या परदेशी, पांढऱ्यावर काळे ठिपके, एकीसारखी दुसरी. आत्याबाईंना मात्र प्रत्येक वेगळी दिसते. "ती बघ, ती चोरटी. ही दुधाला खोटी. आन ती कोपऱ्यातली नूतन."

एका गाईचं नाव नूतन आहे हे मला आज कळलं.

"दुधाला चांगली हाय," त्या म्हणाल्या, "पर जवळ गेलं की शिंगं हलीवती."

खेळाबद्दल त्यांची तक्रार एकच आहे. "ह्या शेण टाकत न्हाईत. चार म्हयनं झालं. त्रेचाळीस गुरं आन एक पो न्हाई! ज्यानं ह्यो खेळ केला त्यो शहरातला हाय. दूध कुठनं येतं ते त्याला ठावं, म्होरचं ठावं न्हाई."

रविवार, ९ मार्च

प्रांजलचा फोन. सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"मम्मी, तो खेळ आपण विकत घेतलेलाच नाही."

"बटणावर 'विकत घ्या' लिहिलं होतं. मी दहावी पास आहे, मला वाचता येतं."

"बटणावर तसंच लिहितात गं. खाली बावीस पानं अटी असतात. त्यात म्हटलंय, तुम्ही खेळ घेत नाही, फक्त खेळायचा परवाना घेता. तो त्यांना कधीही काढून घेता येतो."

"मग बटणावर 'परवाना घ्या' लिहायचं."

"मग दाबेल कोण?"

"आणि अटी मान्य आहेत अशी खूण केली कुणी?"

"मी. सगळेच करतात, मम्मी."

वकिलीचं दुसरं वर्ष. फी आम्ही भरतो.

मला हे पटत नाही. हिशोबात मी तो खेळ 'घरातल्या वस्तू' ह्या सदरात लिहिला आहे, कुकरच्या खाली. कुकर ज्या दुकानातून आणला ते दुकान कधीच बंद पडलं. म्हणून कुणी घरी येऊन कुकर नेला नाही. अजून शिट्ट्या मारतो.

आत्याबाईंनी हातातला टॅब खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हंजी अर्धलीचं जनावर."

आमच्याकडं ही रीत आहे. एकाची गाय दुसऱ्यानं सांभाळायची. वैरण, पाणी, दुखणंखुपणं सगळं सांभाळणाऱ्याचं. मूळ गाय मालकाची राहते, पण तिला होईल ते निम्मं-निम्मं. ह्याला कागद लागत नाही, आणि ह्यात कुणी बुडवलं तर त्याला पुन्हा कुणी शेळीसुद्धा देत नाही.

"सा गाई त्यांच्या," आत्याबाईंनी बोटांवर मोजलं. "ऱ्हायली सदतीस. ती माझ्या हातावर झाली. निम्मी माझी. साडेअठरा."

"आजी, अर्धं वासरू कसं घेणार?" प्रांजल हसत होती.

"ते सोडलं त्यांना. आपुन काय कसाई न्हाई."

मंगळवार, ११ मार्च

जपात लक्ष लागेना.

अकरा वर्षं वहीत रामनाम लिहिते आहे. चौदा वह्या भरल्या, ट्रंकेत आहेत, डांबराच्या गोळ्या घालून. आज मनात आलं, हे पुण्य माझ्या नावावर जमा आहे की हाही नुसता परवाना? वर गेल्यावर देव म्हणाला, 'नूतनबाई, ही सेवा बंद झाली, आपण दिलेल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत,' तर दाद कुणाकडं मागायची? त्याच्या अटी किती पानी आहेत तेही कुणी पाहिलेलं नाही. सगळ्यांनी डोळे मिटून खूण केली आहे.

पापाचं लिहिलं गेलं. एक माळ जादा ओढली. धरली तर बरी.

बुधवार, १२ मार्च

आज वेल्ह्याला जाऊन आले. आत्याबाईंनाही न्यावं लागलं. तहसीलबाहेर भिमाभाऊ अर्ज लिहीत बसतात. मागं बिबट्यानं आत्याबाईंचं रेडकू नेलं तेव्हा भरपाईचा अर्ज त्यांनीच लिहिला होता, आणि भरपाई आली होती. म्हणून अर्ज लिहील तर भिमाच, असा हट्ट. नसरापूरला एसटी बदलली. मार्गासनीला माझं माहेर लागतं, खिडकीतूनच नमस्कार केला.

भिमाभाऊंनी कागद सरळ केला. "बोला मावशी. किती जनावरं?"

"त्रेचाळीस."

त्यांनी चष्मा काढला. "वाघरू हाय का वऱ्हाड?"

"वाघरू न्हाई रं. दुकान."

मी टॅब दाखवला आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ बघत राहिले. मधेच एका गाईचं दूधही काढून पाहिलं.

"वहिनी, तुमी शिवऱ्याच्या. म्हंजी भोर तालुका. तुमचा अर्ज हितं चालायचा न्हाई. पर गाई कुठल्या तालुक्यात हायत?"

प्रांजलचं म्हणणं मी सांगितलं. गाई खरं तर टॅबमध्ये पण नाहीत, परमुलखातल्या कुठल्यातरी यंत्रात आहेत, इथं नुसत्या दिसतात.

"मग तितं पंच कोण नेणार?" भिमाभाऊ म्हणाले.

"मरायच्या आधीच पंचनामा कर," आत्याबाईंनी काठी आपटली. "रेडकाच्या वक्ताला काय म्हणलं हुतं सायेब? रेडकू हुतं कशावरनं? गुरं गेल्यावर लोकं म्हंत्यात, नव्हतीच!"

हे भिमाभाऊंना पटलं. मग चहाच्या टपरीच्या बाकावर टॅब ठेवून रीतसर मोजणी झाली. पंच क्रमांक एक टपरीवाला, पंच क्रमांक दोन एसटीचे वाहक. गाडी सुटायला वेळ होता. वाहकांनी दोनदा मोजल्या, कारण एक गाय सारखी झाडामागं जायची. 'समक्ष पाहता त्रेचाळीस नग, सर्व धडधाकट, रंग पांढरा-काळा, शेण आढळले नाही.' सह्या झाल्या.

भिमाभाऊंनी पन्नास रुपये मागितले. मी म्हटलं, नसलेल्या गाईंचे एवढे?

"वहिनी, शाई खरी हाय."

परतीच्या गाडीची वाट बघताना आत्याबाई डोंगराकडं तोंड करून उभ्या होत्या. म्हटलं, ऊन आहे, पदर घ्या. ऐकलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं. तिथं रस्त्याचं काम चालू आहे, धूळ फार.

शनिवार, १५ मार्च

तीन दिवस त्या दुकानाच्या यंत्राशी लिहून भांडते आहे. काहीही लिहिलं की ते म्हणतं, 'आपली भावना समजली.' काय समजली ते सांगत नाही.

आज दुपारी माणूस मिळाला. नाव स्वरूप.

मी लिहिलं, 'मूळ सहा गाई तुमच्या, हे मान्य. पण सदतीस वासरं आमच्या सांभाळण्यातून झाली. अर्धलीच्या रिवाजाप्रमाणं अठरा आमची होतात. अर्धं सोडलं. सोबत पंचनामा जोडला आहे.'

मग आलं, 'मॅडम, पंचनामा म्हणजे?'

समजावलं.

'मॅडम, खेळात तयार होणारी जनावरंसुद्धा कंपनीचीच असतात. अट क्रमांक सतरा.'

'मग वैरण घालायचे कष्ट कुणाचे?'

'आपली भावना समजली.'

'तू माणूस आहेस ना?'

'हो ताई.' मॅडमची ताई झाले. 'भरपाई म्हणून दोनशे रुपयांचं कूपन देऊ शकतो.'

'कुठं चालतं?'

'खेळांगणमध्येच. ३१ मार्चपर्यंत.'

माझ्या तोंडात आलं ते लिहिलं नाही. समोर दत्ताची तसबीर होती. मग त्यानेच लिहिलं, 'ताई, मीही ३१ पर्यंतच आहे.'

'तुझी नोकरी कायमची नव्हती?'

'कंत्राट होतं.'

'अटी वाचल्या होत्यास?'

'नाही. खूण केली होती.'

त्याला विचारलं, जेवलास का. नव्हता जेवला. जा म्हटलं आधी. पण जाता जाता त्याने एक सांगितलं, की ३१ च्या आधी टॅबचं इंटरनेट बंद करून ठेवा आणि पुन्हा चालू करू नका. दुकान बंद झाल्याचं खेळाला कळणारच नाही. शिवाय, 'मी सांगितलं असं कुठं लिहू नका.'

लिहिलं. पण ही वही कुणी वाचत नाही.

मंगळवार, १ एप्रिल

गाई जिवंत!

काल प्रांजलने फोनवर सांगितलं तशी टॅबवरची विमानाची खूण दाबली. आज आत्याबाई उठायच्या आधी मी उघडून बघितलं, बघायला नको का? सगळ्या जागेवर. उघडलाच आहे तर म्हणून वैरण टाकली, पाणी पाजलं. नूतनला दोन पेंढ्या जास्त टाकल्या. शिंगं वगैरे काही हलवत नाही, आत्याबाई उगाच बोलतात.

घरात ताकीद दिली आहे की टॅबला कुणी हात लावायचा नाही.

शनिवार, ५ एप्रिल

ह्यांनी हात लावला.

टीव्हीवर मी कीर्तन लावलं होतं. हे टेम्पो लावून घरी आले, ह्यांना मॅच बघायची होती. "दोनच मिंटं" म्हणून ह्यांनी टॅबचं इंटरनेट चालू केलं. मॅचही दिसली नाही आणि गोठाही गेला. आता तिथं लिहिलेलं येतं, 'हा खेळ आपल्या संग्रहात नाही.'

मी जे बोलले ते बोलले. देवाची क्षमा मागून झाली आहे. ह्यांची मागणार नाही.

आत्याबाई काही ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "मेल्या का नेल्या?" मग उठल्या, लुगडी काढली, गाठोडं बांधलं. ह्यांनी दारात हात आडवा धरला.

"आये, गुडघ्याला अजून सव्वा म्हयना हाय. थांब की."

"कशापायी थांबू? हितं माझं काय हाय?"

"आसं काय बोलती? समदं तुझंच तर हाय!"

"तसं टॅबात बी ल्हिलं हुतं," आत्याबाई म्हणाल्या. "'तुमचा गोठा, तुमच्या गाई.' नूतननंच वाचून दावलं हुतं. धन्या, मला सांग, ह्यो डोक्यावरचा सलाब कशाच्या पैशानं पडला?"

ह्यांनी आडवा हात खाली घेतला. नऊ वर्षांपूर्वी, मामंजी वारल्यावर, वाड्यावरच्या अकरा म्हशी वेल्ह्याच्या बाजारात विकल्या आणि त्यातून हे घर बांधलं. त्या दिवशी आत्याबाई बाजारात आल्या नव्हत्या. बांधावर बसून होत्या म्हणे. त्यानंतर चार शेळ्यांवर वर एकट्या राहिल्या, गुडघा जाईपर्यंत.

"म्हशी माझ्या. सांभाळलं तू, इटा आणल्या तू, मान्य हाय. म्हंजी घर ह्ये वासरू झालं. निम्मं माझं."

"आये, घर म्हंजी वासरू व्हय?"

"तुझ्या बायकूला इचार. तिनंच ल्हिलंय त्या पोराला. रिवाज म्हणून."

हे माझ्याकडं असे बघायला लागले जणू मी अकरा म्हशी पोटात घातल्यात.

शेवटी मीच म्हटलं, "आत्याबाई, निम्मं मागायचं तर मागणारं माणूस हजर पाहिजे. वाड्यावर बसून वाटणी होत नाही." त्यांनी विचार केला आणि गाठोडं खाटेखाली सरकवलं. सोडलं मात्र नाही.

रविवार, ६ एप्रिल, रामनवमी

देवळात पाळण्याची दोरी ओढली, सुंठवडा वाटला, पण मनात राम नाही, निम्मं घर. कुठलं निम्मं? स्वयंपाकघराचं की मोरीचं? सगळ्या भिंतींना मी हात फिरवला आहे, पडवीची फरशी मी घासून आणली आहे, आणि आता मधोमध दोरी धरणार का?

रागारागात घरपट्टीची पावती काढली, म्हटलं दाखवते कुणाचं आहे ते. मालक: धनाजी चिमाजी ढेबे. त्याखाली आणखी काही असेल म्हणून पावती उलटी करून बघितली. मागं कोरी होती.

माझंही नाव आहे त्यावर. तळाला. 'भरणाऱ्याची सही.' नऊ वर्षांच्या नऊ पावत्या लावून बघितल्या. नऊही सह्या माझ्या, सुरुवातीच्या सुबक आणि नंतरच्या घाईच्या.

संध्याकाळी आत्याबाईंना सुंठवडा दिला. म्हणाल्या, "ग्वाड कमी हाय." गोड कमी होतं.

बुधवार, ९ एप्रिल

प्रांजल म्हणते, अवघड काही नाही. पप्पांचं संमतीपत्र स्टँपवर, ग्रामपंचायतीत अर्ज, मासिक सभेत ठराव, आणि घराच्या उताऱ्यावर नाव.

"दोनच नावं की तीन, मम्मी?"

"तिसरं कुणाचं?"

"तूच सांग."

डाळ लागली म्हणून फोन ठेवला. डाळ चुलीवर नव्हतीच.

शुक्रवार, ११ एप्रिल

चार दिवस हे जेवताना वरणाशी बोलत होते. आज तोंड उघडलं.

"लोकं काय म्हंतील? आईनं पोराकडनं घर ल्हून घेतलं!"

"म्हशी इकताना लोकांना इचारलं हुतंस?" आत्याबाई.

"आये, तू काय घर डोक्यावर घिऊन जाणार हायेस का?"

"मग तुला भ्या कशाचं?"

ह्यांचा टेम्पो तिथंच पंक्चर झाला. पाच-सहा मिनिटं नुसतं पापड मोडत बसले. शेवटी म्हणाले, "बरं. आयेचं नाव घालू."

तेव्हा मी बोलले. मनात काही ठरवलं नव्हतं, केवळ व्यवहार म्हणून बोलले. म्हटलं, स्टँप आता शंभराचा मिळत नाही, पाचशेचा घ्यावा लागतो. पाचशे एका नावासाठी घालवायचे म्हणजे उधळपट्टी. तेवढ्याच कागदात दोन नावं बसतात.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. "दुसरं कुणाचं?"

मला एकाएकी भांडी घासायची घाई झाली. मोरीतून आत्याबाईंचा आवाज ऐकला, "आरं येड्या, घरात आनी कोन हाय? मांजर?"

शनिवार, ३ मे

भोरला जाऊन संमतीपत्र करून आणलं त्याला पंधरा दिवस झाले, पण लिहायला सवड झाली नाही. उन्हाळ्याची कामं. कुरडया एकशे चाळीस, पापड दोनशे. आत्याबाईंनी खाटेवर बसून लाटले. काही पापड गाईच्या आकाराचे निघाले, त्या नाही म्हणतात.

काल मासिक सभेत ठराव झाला. ग्रामसेवकांनी विचारलं, घरात वाद आहे का? हे म्हणाले, "हाय की. पर नावाचा न्हाई."

प्रांजलने खेळाची तक्रार ग्राहक आयोगात टाकली. विकत म्हणून पैसे घेतले आणि परवाना दिला, अशी. तारीख जूनची आहे. सोबत पंचनामा जोडला. तिच्या मॅडमनी तो सगळ्या वर्गाला वाचून दाखवला म्हणे. पंच क्रमांक दोनना साक्षीला बोलावलं तर एसटी रजा देईल का, हा प्रश्न आहे.

आत्याबाई अजून इथंच आहेत. "सही लागंल तवर हाय," म्हणतात. सह्या कधीच झाल्या, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. विचारलं तर सांगेन.

गुरुवार, २२ मे

हे पायरीवर बसून लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला आणि म्हणाले, आजी, आता फिरा. काल ग्रामपंचायतीतून उतारा आला. तीन नावं, एकाखाली एक. धनाजी चिमाजी ढेबे. फुलाबाई चिमाजी ढेबे. नूतन धनाजी ढेबे. आत्याबाईंना वाचता येत नाही, म्हणून मी तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्ये मीच का?"

"तुम्हीच."

"आन ही?"

"मी."

आज सकाळी चहा झाला, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "मी जाते वर."

माझ्या हातातलं पातेलं खाली आपटलं. म्हटलं, आत्याबाई, हे काय! नाव लागलं, उतारा आला, आता कशाला जाता? एवढं सगळं कशासाठी केलं? मी आणखीही बोलले. उपासानं चिडचिड होते.

त्यांनी शांतपणे पाय ताणला. "आगं, आपलं घर आसलं म्हंजी सोडून जाता येतं. परक्याच्यातनं गेलं तर परत येताना इचारावं लागतं." मग म्हणाल्या, "सोमवारी येते. जाऊ हाय वर माझी, बयाबाई, तिची म्हस व्याली का बघते. किल्ली दे."

"कसली किल्ली?"

"घराची. तू देवळात आसलीस आन ह्यो टेम्पोवर आसला तर मी काय दारात बसू?"

बरोबर आहे की. मी माझ्या किल्लीचा दोरा कापून किल्ली त्यांना दिली. त्यांनी कमरेच्या पिशवीत टाकली, वरून दोनदा चापटून बघितली. सोबत दहा भाकरी, चटणी, पापडांचा डबा, गुडघ्याचं तेल, दोन वेळच्या गोळ्या वेगळ्या पुड्यांत बांधून दिल्या. ह्यांनी टेम्पोने वेल्ह्याच्या पुढं डांबर संपतं तिथवर सोडायचं आणि वर हाताला धरून न्यायचं, असं चारदा बजावलं. टेम्पो वळेपर्यंत त्यांनी मागं बघितलं नाही. मीही कुठं बघत होते, मी दाराला कुलूप लावत होते.

मग देवळात गेले, आरती झाली, बाजार केला आणि घरी आले. कुलूप समोर आणि माझी किल्ली डोंगरावर. दुसरी ह्यांच्या खिशात, तीही डोंगरावर. घराला मालक तीन आणि किल्ल्या दोन. इतका मोठा अर्ज लिहिला, कुणाच्या डोक्यात आलं नाही. ही वही हिशोबाचीच, मागून लिहिते, म्हणून पिशवीत होती.

आता शेजारची रत्ना गेली. थांबून विचारलं, "अगं नूतन, भर उन्हात बाहेर का बसलीस?"

म्हटलं, "माझं घर आहे. मी पायरीवर बसेन नाहीतर पडवीच्या पत्र्यावर."

ती बघतच राहिली. पायरी मात्र फार भाजते आहे.